गावच्या रेडिओचा खर्च कोणी करायचा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सामुदायिक रेडिओच्या नियमांत काही सुधारणा केल्या. आधी अशा केंद्राला तासाला सात मिनिटे जाहिराती लावता येत. ती मर्यादा बारा मिनिटांवर नेली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपये होता, तो ७४ रुपये केला. परवान्याची पहिली मुदत दहा वर्षांची केली. या केंद्रांना आपल्या पायावर उभे राहता यावे, असा हेतू त्यामागे सांगितला गेला.

हेतूबद्दल आमची तक्रार नाही. पण ‘आपल्या पायावर’ या शब्दांपाशी आम्ही अडखळलो, आणि त्याला कारण घडले.

आमचे एक स्नेही माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. जवळच्या एका सामुदायिक केंद्रावर ते दर आठवड्याला मुलांकडून अर्ध्या तासाचा विज्ञानाचा कार्यक्रम करवून घेतात. विहिरीचे पाणी जड का लागते, आपल्या भागातले कोणते साप बिनविषारी, विजा चमकत असताना कुठे उभे राहू नये, असे विषय. एके दिवशी व्यवस्थापक त्यांना म्हणाले, “सर, कार्यक्रम चांगला आहे, लोक ऐकतात. पण त्याच्या अलीकडे-पलीकडे लावायला काही जाहिरात मिळते का बघा. नाहीतर ती वेळ गाण्यांना द्यावी लागेल.” जाहिरात मिळालीही. तालुक्याच्या गावातल्या एका कृषी सेवा केंद्राने दिली. तीन भाग सुरळीत गेले. चौथ्या भागात मुलांनी फवारणीच्या औषधांच्या बाटलीवर असणाऱ्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या खुणांचा अर्थ सांगितला आणि ‘दुकानदार सांगेल ती नव्हे, बाटलीवर लिहिलेली मात्रा घ्या’ असे एक वाक्य घातले. पाचव्या भागाला जाहिरात नव्हती.

त्या दुकानदाराला आम्ही खलनायक ठरवणार नाही. आपल्या पैशाने आपल्यालाच बोल लावून घ्यावा, अशी अपेक्षा कोणाकडूनच करता येत नाही. पण मग त्या चौथ्या भागाचा खर्च कोणी करायचा? सरकारने नियम सुधारताना हा प्रश्न विचारलेला दिसत नाही. तो विचारायला हवा होता असे आमचे मत आहे, म्हणून हा लेख.

आधी गणित करून पाहू. नववी-दहावीच्या मुलांना सहज जमेल असे आहे.

तासाला बारा मिनिटे म्हणजे ७२० सेकंद, म्हणजे दहा सेकंदांच्या ७२ जागा. प्रत्येकी ७४ रुपये धरले तर तासाला ५,३२८ रुपये. केंद्र दिवसाला आठ तास चालले तर ४२,६२४ रुपये. कागदावर हे उत्पन्न डोळे दिपवणारे आहे. पण सगळ्याच्या सगळ्या ७२ जागा, तासामागून तास, सरकारी जाहिरातींनी भरतील असे कोणीही म्हणणार नाही. उरलेल्या जागा बाजारात विकायच्या. आणि बाजार जागा सेकंदांवर विकत घेत नाही, कानांवर घेतो.

तर कान मोजू. सामुदायिक केंद्राला १०० वॉटपर्यंत परिणामी शक्ती आणि साधारण तीस मीटर उंचीचा मनोरा एवढीच मुभा असते. एफ.एम.च्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे मनोऱ्याची उंची महत्त्वाची. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले की रेडिओलहरींचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. तीस मीटरला ते साडेबावीस किलोमीटर येते. प्रत्यक्षात इतक्या कमी शक्तीचा कार्यक्रम साध्या रेडिओवर स्वच्छ ऐकू येतो तो दहा-बारा किलोमीटरपर्यंतच. मध्ये डोंगर असेल तर तेवढाही नाही. कोकणातल्या आणि मावळातल्या शिक्षकांना हे सांगायला नको. आपण दहा किलोमीटर त्रिज्या धरू. वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस किलोमीटर.

आता हे वर्तुळ महाराष्ट्राच्या नकाशावर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवू. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची सरासरी घनता चौरस किलोमीटरला ३६५ माणसे. वर्तुळात सुमारे १ लाख १५ हजार लोक आले. मुंबई उपनगर जिल्ह्याची घनता २०,९८०. तिथे त्याच वर्तुळात सुमारे ६६ लाख लोक येतात. गडचिरोलीची घनता ७४. (जाहिरातीचा दरही ७४ रुपयेच, हा केवळ योगायोग.) तिथे वर्तुळात येतात २३ हजार.

तीनही ठिकाणी प्रक्षेपक तोच. मनोरा तोच, विजेचे बिल जवळपास तेच. कार्यक्रम करायला लागणारी माणसेही तेवढीच, उलट गडचिरोलीत गावे दूर दूर, रस्ते कमी आणि भाषा एकाहून अधिक, म्हणून थोडी जास्तच लागतील. खर्च सारखा आणि कान २८० पट कमी. लहरीला लोकसंख्या कळत नाही. जाहिरातदाराला तेवढीच कळते.

रेडिओ कार्यक्रम ही वस्तूही विचित्र आहे. एकाने ऐकला म्हणून दुसऱ्यासाठी तो कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला ऐकण्यापासून अडवता येत नाही. रस्त्यावरच्या दिव्यासारखे. अशा वस्तूची किंमत ऐकणाऱ्याकडून वसूल करणे अवघड. आपल्याकडे पूर्वी रेडिओ बाळगायला परवाना लागे. पोस्टात जाऊन त्याच्या पुस्तिकेवर दरवर्षी तिकीट लावून घ्यावे लागे, हे ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल. १९८० च्या दशकात ती पद्धत बंद झाली. परवाना गेला याचे दुःख कोणालाच झाले नाही, आम्हालाही नाही. पण त्याबरोबर श्रोता आणि नभोवाणी यांच्यातला पैशाचा थेट धागा तुटला. जाहिरातीच्या व्यवस्थेत श्रोता गिऱ्हाईक नसतो. गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि श्रोता हा विकला जाणारा माल.

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, आणि सुरुवात झाली मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. ही शहरे का निवडली असतील ते वरच्या गणितावरून कळते. २००१ पासून खाजगी एफ.एम. केंद्रे आली तीही मोठ्या शहरांच्या क्रमाने. यात लबाडी काही नाही. बाजाराने बाजारासारखे वागावे हे ठीकच आहे. चूक आहे ती बाजाराच्या काट्यावर गावचा रेडिओ तोलून ‘हा आपल्या पायावर उभा राहत नाही’ असा निकाल देण्यात.

येथे कोणी विचारील की सरकारी पैशाने चाललेल्या रेडिओचा उपयोग होतो याला पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रातला आहे. दुर्दैवाने आपल्या शिक्षकांना तो फारसा माहीत नसतो.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसएक शेतकऱ्यांचे श्रोतेमंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची, आणि प्रश्न व निर्णय पुणे केंद्राला लिहून कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. कल्पना मूळची कॅनडातली. तिथे १९४१ पासून अशी शेतकरी मंडळे चालू होती.

प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केले. विज्ञानशिक्षकांनी लक्ष द्यावे असा भाग हा की त्यात तुलनेची गावे होती. मंडळ असलेली गावे एका बाजूला, मंडळ नसलेली दुसऱ्या बाजूला. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे त्याच विषयांवर प्रश्न विचारून माहिती तपासली. मंडळाच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली. मंडळ नसलेल्या गावांत वाढ नगण्य होती, आणि त्यांतल्या काही गावांत तर रेडिओ होता! म्हणजे नुसता रेडिओ असून भागत नाही. कोणीतरी माणसे जमवावी लागतात, चर्चा चालवावी लागते, पत्रे लिहावी लागतात, आणि केंद्रावर कोणीतरी ती पत्रे वाचून उत्तर द्यावे लागते. या ‘कोणीतरी’चा पगार हा स्थानिक नभोवाणीचा खरा खर्च. यंत्राचा खर्च त्यापुढे किरकोळ.

प्रयोग यशस्वी झाला म्हणून १९५९ पासून ही मंडळे देशभर काढली. त्यांची संख्या हजारांत गेली. पण संख्येबरोबर निगराणी गेली नाही. मंडळे कागदावर राहिली आणि हळूहळू विसरली गेली. पथदर्शी प्रकल्पाला पैसा आहे, नित्याच्या कामाला नाही, हे आपण शाळांमध्येही पाहतोच. प्रयोगशाळेच्या कपाटाचे उद्घाटन होते. परीक्षानळ्या फुटल्यावर नव्या आणायला तरतूद नसते.

दुसरे उदाहरण गुजरातचे. १९७५-७६ साली ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, तो अनेकांना ठाऊक असतो. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत अमेरिकेच्या ए.टी.एस.-६ या उपग्रहावरून कार्यक्रम थेट उतरवले गेले. त्यातले मुलांसाठीचे विज्ञान कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत. पण त्याच काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने, जवळच्या खेडा जिल्ह्यात, पीज नावाच्या गावी एक किलोवॉटचा छोटा प्रक्षेपक उभारून वेगळेच काम सुरू केले. त्याला प्रसिद्धी कमी मिळाली. आमच्या मते महत्त्वाचे ते अधिक होते.

साइटमध्ये एक उपग्रह अनेक राज्यांशी बोलत होता. पीजला एक प्रक्षेपक एका जिल्ह्याशी बोलत होता. चारशेहून अधिक गावांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच ठेवले, बरेचसे दूध सहकारी संस्थांच्या जागेत, कारण संध्याकाळी दूध घालायला सारे गाव तिथे येतेच. कार्यक्रम गुजरातीत, आणि तेही त्या जिल्ह्यातल्या बोलीत. लिहिणारे आणि चित्रण करणारे गावात जाऊन राहत, संहिता आधी गावकऱ्यांना वाचून दाखवत, दाखवल्यानंतर प्रतिक्रिया घेत. शेतमजुरांची किमान मजुरी, अस्पृश्यता, बायकांवरचे अन्याय हे विषय मालिकांत आले. गावातलीच माणसे त्यांत काम करत. जाहिराती नव्हत्या. पैसा सार्वजनिक होता, पण तो माहिती व नभोवाणी खात्याच्या हातून न येता अंतराळ विभागाकडून येत होता. आम्हाला वाटते, पीजला जे स्वातंत्र्य मिळाले त्यात या अंतराचा वाटा मोठा होता. वैज्ञानिकांना कार्यक्रमाच्या परिणामात रस होता. मंत्र्यांच्या उद्घाटनाचे चित्रण दाखवण्याची त्यांना घाई नव्हती.

१९८४ चे ग्रामीण संज्ञापनाचे युनेस्को पारितोषिक या प्रकल्पाला मिळाले. आणि १९८५ मध्ये पीजचा प्रक्षेपक उचलून मद्रासला दुसऱ्या वाहिनीसाठी न्यायचे ठरले.

हे का झाले ते समजून घेण्यासारखे आहे. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ च्या जानेवारीपासून होत्याच. १९८२ मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ च्या जुलैत ‘हम लोग’ ही प्रायोजित मालिका आली आणि एका कार्यक्रमाने साऱ्या देशाला एकाच वेळी पडद्यापुढे बसवता येते हे जाहिरातदारांना कळले. त्याच सुमारास देशभर झपाट्याने प्रक्षेपक उभे राहत होते. पण बहुतेकांचे काम दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवणे एवढेच. एकदा हा हिशेब पक्का झाला की चारशे गावांशी त्यांच्या बोलीत बोलणारा एक किलोवॉट हा वाया घालवलेला एक किलोवॉट दिसू लागतो. मद्रासमध्ये त्याच एका किलोवॉटला कितीतरी अधिक डोळे मिळणार होते. वरचे वर्तुळाचे गणित ते हेच.

खेड्याच्या लोकांनी विरोध केला, आणि प्रक्षेपक तूर्त राहिला. आपला प्रक्षेपक नेऊ नका म्हणून शेतकऱ्यांनी आवाज उठवल्याची उदाहरणे जगात फार नसतील. पण अहमदाबादचा शक्तिशाली प्रक्षेपक आता खेड्यातही दिसतो, मग पीज कशाला, हा युक्तिवाद शेवटी टिकला आणि १९९० मध्ये पीज बंद झाले. अहमदाबाद ‘दिसते’ हे खरेच होते. फक्त अहमदाबादला खेडा दिसत नव्हते.

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. (निकालातला शब्द हवेतल्या लहरींचा आहे; शिक्षकांनी विद्युत्चुंबकीय लहरी असा वाचावा.) त्या निकालातून सामुदायिक रेडिओचा मार्ग उघडला. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना परवाने मिळू लागले. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे पहिले केंद्र, २००८ मध्ये तेलंगणातल्या पस्तापूर भागातले दलित स्त्रियांनी चालवलेले संगम रेडिओ, त्याच वर्षी आपल्या साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंगवाहिनी. संगमच्या स्त्रियांनी तर परवाना मिळण्याआधी कित्येक वर्षे कॅसेटवर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. आज देशात पाचशेच्या आसपास सामुदायिक केंद्रे आहेत. देशाच्या आकाराच्या मानाने ही संख्या लहान आहे.

या केंद्रांसाठी सरकारची अनुदान योजना आहे. ती मुख्यतः यंत्रसामग्रीसाठी आहे. प्रसारभारतीच्या बाबतीतही हेच दिसते. जानेवारी २०२३ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या सुविधा वाढवण्यासाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. एफ.एम.ची पोच लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत नेणे हे तिचे एक उद्दिष्ट. उद्दिष्ट उत्तम आहे. पण त्याच वर्षी जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला होता. लोकांनी विरोध केला म्हणून तो थांबला. लहर पोचवायला पैसा आहे आणि लहरीवर काय चढवायचे ते गोळा करणाऱ्या माणसाला नाही, अशी ही रचना झाली आहे. १९५६ च्या प्रयोगाने जे शिकवले त्याच्या नेमके उलट.

सामुदायिक केंद्रांना आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल आम्हाला राग आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, हवामान, रहदारी, परीक्षा, पाणीपुरवठा अशी माहिती देता येते. पण धरणाचे पाणी खालच्या गावांना का मिळाले नाही, ग्रामसभेत काय ठरले, हे बातमी म्हणून सांगायची चोरी. वर्तमानपत्राला जे चालते, मोबाइलवर कोणालाही जे चालते, ते परवाना घेऊन, पत्ता देऊन, जबाबदारीने बोलणाऱ्या केंद्राला चालत नाही. स्थानिक रेडिओच्या हातून त्याचे सर्वांत उपयोगी काम काढून घ्यायचे आणि मग तो लोकप्रिय का नाही म्हणून विचारायचे, हा न्याय आम्हाला कळत नाही.

सार्वजनिक पैशावरचा सर्वांत जड आक्षेप हा की ज्याचा पैसा त्याचे गाणे. आणीबाणीत आकाशवाणीचे काय झाले ते कोणी विसरलेले नाही. हा आक्षेप खरा आहे. आमच्या स्नेह्यांच्या चौथ्या भागाला दुकानदार रुसला. पाचव्या भागात मुलांनी जलजीवनच्या नळाला पाणी का नाही असे विचारले तर कोण रुसेल हे वेगळे सांगायला नको. ग्रामपंचायतीने खर्च करावा असे काही जण सुचवतात. इंग्लंडमध्ये बी.बी.सी.ने १९६७ मध्ये लेस्टरपासून स्थानिक रेडिओ सुरू केला तेव्हा खर्चाचा वाटा स्थानिक नगरपालिकांनी उचलावा अशी योजना होती. ती फार टिकली नाही. सरपंचाच्या पैशाने सरपंचाला प्रश्न विचारणे दिल्लीच्या पैशाने विचारण्याहून अवघड आहे.

अमेरिकेने यावर वेगळी तोड काढली होती. १९६७ च्या कायद्याने एक महामंडळ नेमले, कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग. संसद पैसा दोन वर्षे आधीच मंजूर करी. महामंडळ स्वतः कार्यक्रम करत नसे. मोठा हिस्सा स्थानिक केंद्रांना थेट वाटून देई. खर्च माणशी वर्षाला दीड डॉलरच्या आसपास. न्यूयॉर्क किंवा बोस्टनच्या केंद्रांना श्रोत्यांकडून देणग्या मिळत, त्यांना या पैशावाचून चालले असते. अलास्कात कुस्कोक्विम नदीकाठी बेथेल गाव आहे. तिथले केवाययूके हे केंद्र १९७१ पासून इंग्रजीबरोबर युपिक या तिथल्या मूळ भाषेत बातम्या देते. त्याच्या उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग या महामंडळाकडून येत होता. पुन्हा तेच गणित.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने पुढच्या दोन वर्षांचे मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले. केंद्रांच्या बातम्या एकतर्फी असतात आणि माध्यमे इतकी वाढली असताना करदात्याने यात पैसा का घालावा, हे तिथले युक्तिवाद. महामंडळाने आवराआवर सुरू केली आणि जानेवारी २०२६ मध्ये स्वतःला विसर्जित करायचा निर्णय घेतला. दरम्यान ऑक्टोबर २०२५ मध्ये एका वादळाच्या अवशेषांनी पश्चिम अलास्काच्या किनाऱ्याला झोडपले, किपनुकसारखी गावे पाण्याखाली गेली आणि हजाराहून अधिक लोकांना हलवावे लागले. त्या भागातल्या भाषेत, त्या गावांची नावे बरोबर उच्चारत, कोण कुठे पोचले ते सांगणारे केंद्र होते ते हेच, कमी केलेल्या माणसांनिशी चाललेले.

मंत्रालय आणि केंद्र यांच्यामध्ये महामंडळ ठेवण्याची अमेरिकेची कल्पना चांगली होती. नळ मात्र संसदेच्या हाती राहिला. आपल्याकडे वेगळा मार्ग शक्य आहे. खाजगी एफ.एम. केंद्रे आपल्या ढोबळ उत्पन्नाच्या चार टक्के रक्कम दरवर्षी परवाना शुल्क म्हणून सरकारला देतात. ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी मिळाली. त्यांची राखीव किंमतच ७८४.८७ कोटी रुपये आहे. लहरी सार्वजनिक असतील, तर लहरींचे हे भाडेही सार्वजनिक आहे. त्यातला ठरावीक हिस्सा, कायद्याने, एका स्वतंत्र मंडळाकडे जावा; आणि मंडळाने तो वर्तुळातल्या लोकसंख्येच्या उलट प्रमाणात वाटावा. जिथे कान थोडे तिथे पैसा जास्त. तो यंत्रासाठी नव्हे, केंद्रातल्या दोन-तीन माणसांच्या पगारासाठी आणि गावोगाव फिरण्याच्या खर्चासाठी. जाहिराती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. गावातल्या शिलाई मशीनवाल्याची, पिठाच्या गिरणीची जाहिरात ही लोकांना उपयोगी माहितीच असते. फक्त केंद्राचा श्वास तिच्यावर अवलंबून नसावा.

मोबाइल आल्यावर रेडिओ कशाला, असे वरिष्ठ वर्गातली मुले विचारतील. त्यांना एक काम द्यावे. एक आठवडा आपल्या मोबाइलवर आलेल्या प्रत्येक मजकुराची नोंद ठेवा: आपल्या तालुक्याबद्दल किती, त्यातले प्रत्यक्ष जाऊन पाहून कोणी सांगितलेले किती, आणि सांगणाऱ्याचे नाव किती ठिकाणी दिले आहे. आम्ही आमच्यापुरते हे केले. तिसरा रकाना भरायला फार वेळ लागला नाही. मजकूर वाहून नेणारी यंत्रणा आता जवळजवळ फुकट झाली आहे; तो गोळा करायला एस.टी.ने जाणारा माणूस पूर्वीइतकाच महाग आहे.

आमच्या स्नेह्यांचा कार्यक्रम अजून चालू आहे, पण महिन्यातून एकदाच. उरलेल्या तीन आठवड्यांत त्या वेळी गाणी लागतात. सध्या त्यांची मुले गावातल्या विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला दोरीने मोजत आहेत. उन्हाळ्यात ते आकडे गावांच्या नावांनिशी वाचून दाखवायचा त्यांचा बेत आहे. ती बातमी होईल की माहिती, हे व्यवस्थापकांनी अजून ठरवलेले नाही.